इंग्रजीचे अवघड शब्द पाठ होतात पण वापरायला गेलं की चुकतात, काय करू?

गोदाकाठ_२२

नमस्कार सगळ्यांना. मी गंगाखेड तालुक्यातली, सध्या संभाजीनगरला रूम करून राहते आणि एसएससी सीजीएलची, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांच्या परीक्षेची, तयारी करायलेय. बारावीपर्यंत मराठी मिडियम, त्यात सातवीपर्यंत गावातलीच जिल्हा परिषदेची शाळा. मॅथ, रिझनिंग, जीएस जमतंय, गाडी अडते ती इंग्रजीवर, आणि त्यातही ग्रामर एवढं नाही जेवढं व्होकॅब.

दीड-दोन महिने झाले मी रोज ३० शब्द लिहून काढते. दोनशे पानी रजिस्टर केलंय, डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं मराठी अर्थ, आतापर्यंत १४०० च्या वर झालेत. रूममेट विचारते तेव्हा धडाधड सांगते पण पंधरा दिवसांनी तेच पान उघडलं की निम्मे गायब असतात आणि जे राहिलेत ते पण मॉकमध्ये, म्हणजे सराव पेपरात, चार ऑप्शन समोर आले की सगळेच बरोबर वाटायलेत.

मागच्या आठवड्यात क्लासमध्ये स्पोकनचा तास होता. सरांनी मला उभं केलं, मला विचार करायला जरा वेळ पाहिजे होता म्हणून मी म्हटलं, सर, आय नीड मीगर टाइम. सर म्हणाले असं नाही म्हणत, बस खाली. का नाही म्हणत ते काही सांगितलं नाही आणि पुढच्या मुलाकडं वळले. रूमवर येऊन तीन डिक्शनऱ्या बघितल्या, तिन्हीत मीगर म्हणजे थोडा, अल्प असंच आहे. मग माझं चुकलं काय? तेव्हापासून रजिस्टर उघडायची इच्छाच होईना, सारखं वाटतं की या १४०० मधले किती शब्द असेच चुकीचे डोक्यात बसलेत.

घरून पुढच्या वर्षापर्यंतचा वेळ दिलाय. ज्यांनी मराठी मिडियममधून येऊन हे पार केलंय त्यांनी प्लीज सांगा की शब्द नेमका शिकायचा कसा.

लातूरकर_३१

ताई, मी पण जिल्हा परिषदेचाच, आता केंद्र सरकारच्या ऑफिसात आहे, दुसऱ्या अटेम्प्टला निघालो. आधी हिशोब बघा. टिअर वनला, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला, इंग्रजीचे २५ प्रश्न ५० मार्कांना, चुकलं की अर्धा मार्क जातो. टिअर टूला ४५ प्रश्न १३५ मार्कांना आणि तिथं एका चुकीला पूर्ण एक मार्क जातो. म्हणजे अर्धवट येणारा शब्द हा न येणाऱ्या शब्दापेक्षा महाग पडतो, कारण न येणारा तुम्ही सोडून देता. म्हणून रोज ३० बंद करा, रोज १० करा पण पक्के करा, आणि ते जाडजूड लिस्टमधून घेऊ नका, मागच्या वर्षांच्या पेपरातून घ्या, शब्द फिरून फिरून येतात हा माझा तरी अनुभव आहे.

दुसरं म्हणजे जे तुम्हाला आधीच माहीत आहे त्याच्याबद्दल इंग्रजीत वाचा. २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्या लातूरला आली तेव्हा मी शाळेत होतो. घरी आठ आठ दिवस नळ नाही, आम्ही भावंडं घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. त्याच दिवसांत इंग्रजी पेपरात पार्च्ड हा शब्द वाचला, तहानलेल्या लातूरसाठी. डिक्शनरी बघायची गरजच पडली नाही, तळपायाखालच्या जमिनीला भेगा होत्या ना. अ‍ॅक्यूट, स्कार्सिटी, ऑगमेंट हे पण तेव्हाचेच. दहा वर्षं होत आली, एकही विसरलो नाही. तर जायकवाडीचं पाणी, सोयाबीनचा भाव, पीकविमा, अवकाळी असल्या बातम्या इंग्रजीत वाचत जा. परदेशातल्या शेअर बाजाराचा अग्रलेख घेऊन बसलं की शब्द पण नवा आणि विषय पण नवा, मग काहीच बसत नाही.

निवृत्त_गुरुजी_परभणी

बेटा, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं त्याच्या आधीची पाचवीपासून शिकणारी पोरं पण शिकवली आणि नंतरची पण. तू जिथं अडकलीस तिथंच सगळी अडकतात.

मीगर म्हणजे थोडा हे अर्धं खरं आहे. मीगर म्हणजे तुटपुंजा. आता हा शब्द मराठीत वापरून बघ. तुटपुंजा पगार म्हणतो, तुटपुंजी मदत म्हणतो, तुटपुंजं मानधन म्हणतो. पण 'सर, मला तुटपुंजा वेळ द्या' असं तू कधी म्हणशील का? नाही म्हणणार, कारण तुटपुंजा म्हटलं की त्यात तक्रार आली, जेवढं मिळायला पाहिजे होतं तेवढं मिळालं नाही ही खंत आली. मीगरमध्ये तीच खंत आहे. म्हणून मीगर सॅलरी, मीगर इन्कम, मीगर रिसोर्सेस. तू स्वतःहून थोडा वेळ मागत होतीस, तिथं तक्रार कशाची? तिथं साधं 'अ लिटल टाइम' पाहिजे होतं. सरांनी हे दोन वाक्यात सांगायला हवं होतं.

तुझ्या रजिस्टरची उजवी बाजू चुकीची नाही, ढिली आहे. गाइडवाले सगळ्याला थोडा, खूप, चांगला, वाईट, हुशार असे पाच-सात मोघम अर्थ लावतात आणि मग चाळीस शब्दांचा अर्थ एकच होऊन बसतो, म्हणून तर चारही ऑप्शन बरोबर वाटतात. तू गावाकडची आहेस, तुझ्या घरात बोलली जाणारी मराठी त्या गाइडपेक्षा कितीतरी नेमकी आहे, ती वापर. एक्झॉर्बिटंट म्हणजे जास्त असं लिहू नको, अवाच्या सवा असं लिही, लगेच कळतं की हा शब्द भावाला, भाड्याला, फीला लागतो, पावसाला लागत नाही. अबेट म्हणजे कमी होणे असं नको, ओसरणे लिही. पूर ओसरतो, ताप ओसरतो, राग ओसरतो, आणि इंग्रजीत पण फ्लड, फीव्हर, अँगर तिन्ही अबेट होतात, पण पगार अबेट होत नाही आणि मराठीत पगार ओसरत पण नाही. इन्सिपिड म्हणजे मिळमिळीत, भाजी पण आणि भाषण पण. डायलॅपिडेटेड म्हणजे मोडकळीला आलेला, तुमच्याकडं पडके वाडे आहेतच गोदाकाठी, त्यातला एक डोळ्यासमोर आण. गलिबल म्हणजे भोळसट, कुणीही येऊन फसवून जावं असा. थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी आणि स्टिंजी म्हणजे चिक्कू, एक कौतुक आहे आणि दुसरी शिवी आहे, गाइडमध्ये दोन्हीला कमी खर्च करणारा लिहिलेलं मी स्वतः बघितलंय.

अर्थात दरवेळी जोडी तंतोतंत जमत नाही. टेनेशियसला चिवट छान बसतो, चिवट माणूस, चिवट लढत. पण आपली शिळी भाकर पण चिवट होते, तिला काही टेनेशियस म्हणत नाहीत, तिथं टफ किंवा च्युई. म्हणून शब्दाच्या पुढं त्याचे दोन सोबती लिहायचे, तो कुणाबरोबर राहतो ते.

हे सोबत्यांचं गणित तुला येत नाही असं समजू नको, तू ते रोज करतेस. भुई, जमीन, भूमी. तिन्ही एकच. पण साप म्हणून धोपटतो ती भुई, तलाठ्याकडं सातबारा असतो तो जमिनीचा, आणि नारळ फोडतो ते भूमिपूजन. जमीनपूजन कुणी म्हणत नाही. का? भुई आपली घरातली, जमीन फारसीतून आलेली म्हणून कचेरीतली, भूमी संस्कृतातली म्हणून देवाधर्माची आणि भाषणातली. आपला मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, कचेरीची भाषा उर्दू, त्यामुळं आपल्या तोंडात हे थर इतर ठिकाणांपेक्षा जरा जास्तच आहेत.

इंग्रजीत अगदी हेच झालंय. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, नंतर दोन-तीनशे वर्षं दरबारात फ्रेंच चालली, आणि धर्म अन् विद्येची भाषा लॅटिन होतीच. म्हणून एकाच गोष्टीला तीन तीन शब्द. आस्क घरातला, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधला. आई मुलाला आस्क करते, पत्रकार मंत्र्याला क्वेश्चन करतो, पोलीस आरोपीला इंटरॉगेट करतात. तिन्हीचा अर्थ विचारणे असा लिहून ठेवलास तर आई मुलाला इंटरॉगेट करायला लागेल. नवा शब्द आला की आधी विचार, हा भुई आहे, जमीन आहे का भूमी आहे.

आणि पाया तपासून बघ. मायकल वेस्ट म्हणून एक शिक्षक होते, त्यांनी ढाक्याला बंगाली मुलांना इंग्रजी शिकवता शिकवता नेमकं याच प्रश्नावर काम केलं आणि पुढं १९५३ मध्ये साधारण २००० अतिशय लागणाऱ्या शब्दांची यादी छापली. त्यानंतर २००० साली न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासाच्या पुस्तकात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची, म्हणजे एकाच शब्दापासून निघालेल्या शब्दांच्या गटांची, यादी केली, नेटवर फुकट मिळते. हे दोन टप्पे मजबूत असतील तरच पुढचे अवघड शब्द टिकतात. गेट, टेक, सेट, टर्न यांच्यावरचे प्रयोग कच्चे असताना लोक मॅग्नॅनिमस पाठ करतात, मग परीक्षेत टर्न डाउनला अडतात.

मिशन_सीजीएल

गुरुजी, सगळं पटतं पण एवढा वेळ कुणाकडं आहे हो. एका शब्दावर दहा मिनिटं घालवली तर सिलॅबस कधी संपायचा. परीक्षेत सिनॉनिम विचारतात, तिथं मीगरला स्कँटी टिक केलं की झालं, तुटपुंजा आणि थोडा यातला फरक कोण विचारतंय. मी तर ताईंना हेच म्हणीन की रट्टा मारा, रिव्हिजन वाढवा.

निवृत्त_गुरुजी_परभणी

दादा, सुट्या सिनॉनिमपुरतं तुमचं खरं आहे. पण क्लोज टेस्ट (उताऱ्यातले गाळलेले शब्द भरायचे) आणि रिकाम्या जागा काढून बघा. 'द व्हिक्टिम्स वेअर गिव्हन अ ____ कॉम्पेन्सेशन' असं आलं आणि खाली मीगर, ब्रीफ, स्लाइट, नॅरो दिलं तर चारही तुमच्या वहीत थोडं, लहान, कमी असेच असणार. ब्रीफ वेळेला लागतो, स्लाइट फरकाला नाहीतर दुखण्याला, नॅरो रस्त्याला, पैशाला मीगर. हे दहा मिनिटांचं काम नाही, सोबती लिहायला शब्दाला एक मिनिट लागतं, आणि ते एक मिनिट वाचवून तीच पाटी सहा महिने परत परत लिहावी लागते.

फार्मसीवाला_नांदेड

मुळं शिका, मला त्याचाच फायदा झाला. आमच्या फार्मसीत सगळे शब्द लॅटिन-ग्रीकच, तिथून सवय लागली. क्रेड म्हणजे विश्वास, मग क्रेडिट, क्रेडिबल, क्रेडेन्शियल, आणि क्रेड्युलस म्हणजे पटकन विश्वास ठेवणारा, गुरुजींचा तो भोळसट. लोक्व म्हणजे बोलणं, एलोक्वंट छान बोलणारा, लोक्वेशस बडबड्या, कलोक्विअल बोलीतला. बेने चांगलं आणि मॅल वाईट, बेनेव्होलंट, मॅलिग्नंट, मॅलन्यूट्रिशन. मला सगळ्यात आवडलेला प्रोक्रॅस्टिनेट, त्यातलं क्रास म्हणजे लॅटिनमध्ये उद्या, उद्यावर ढकलणं, म्हणजे आपली चालढकल. ३०-४० मुळं केली की पेपरात अनोळखी शब्द दिसला तरी निदान चांगला का वाईट एवढं कळतं आणि दोन ऑप्शन उडतात.

पण एक सांगतो, मुळावर डोळे झाकून चालू नका. इन लागला की उलटा अर्थ असं क्लासमध्ये सांगतात. हायवेवर पेट्रोलच्या टँकरच्या मागं हायली इन्फ्लेमेबल लिहिलेलं असतं, ते काय पेट न घेणारं असतं का? पटकन पेट घेणारं. तिथला इन वेगळा, आत वाला. आणि इनव्हॅल्युएबल म्हणजे किंमत नसलेलं नाही तर किंमतच करता येणार नाही इतकं मोलाचं, आपलं अनमोल. मी एका टेस्टमध्ये याच शब्दावर मार्क घालवलाय. मूळ हे अंदाजासाठी, खात्री वाक्यातूनच.

बँकेतली_ताई_बीड

अगं विसरण्याचं टेन्शन घेऊ नकोस, सगळेच विसरतात. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात हेच आहे की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसातच सगळ्यात जास्त गळतं, आणि मधे मधे अंतर ठेवून उजळणी केली की टिकतं. तुझी चूक इतकीच व्हायलीय की पंधरा दिवसांनी एकदम पान उघडतेस.

मी काय केलं ते सांगते. माझं लेकरू तेव्हा दोन वर्षांचं, रजिस्टर घेऊन बसायला कुठं मिळतंय. घरात जुन्या लग्नपत्रिका भरपूर, त्यांची पाठची कोरी बाजू असते ना, एका पत्रिकेचे चार तुकडे कापले. पुढं इंग्रजी शब्द, मागं नेमका मराठी अर्थ आणि स्वतःचं एक वाक्य. मिठाईचा एक मोठा खोका घेतला आणि त्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे केले. नवा तुकडा पहिल्या कप्प्यात, तो कप्पा रोज बघायचा. आठवला तर दुसऱ्यात, तो दिवसाआड. मग तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्यानं, पाचवा पंधरा दिवसांनी. कुठल्याही कप्प्यातला शब्द चुकला की तो परत पहिल्यात. याला लाइटनरचा डबा म्हणतात, सेबास्टियन लाइटनर, हा पण जर्मनच. मोबाइलवर अ‍ॅन्की नावाचं अ‍ॅप याच तत्त्वावर आहे, पण मला हातानं लिहिलेलंच बसतं, पोळ्या करताना सात-आठ तुकडे ओट्यावर मांडून ठेवायची. काहींवर अजून हळदीचे डाग आहेत, प्रिकॅरियसचा तुकडा तर अर्धा पिवळा आहे आणि मला तो शब्द त्या डागासकट आठवतो.

आणि मागची बाजू बघायच्या आधी अर्थ तोंडानं बोलायचा. नुसतं वाचत गेलं की येतंय येतंय असं वाटतं, विचारलं की येत नाही.

औंढ्याचा_पाहुणा

मोठं काही नाही, एवढंच सांगायचं होतं की इंग्रजीला परकं समजून घाबरू नका. मंगूस हा शब्द आपल्या मुंगसावरून गेलाय, सोयाबीन भरायच्या बारदानाला गनी बॅग म्हणतात त्यातला गनी म्हणजे आपली गोणी. जगरनॉट, म्हणजे वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी ताकद, हा पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून. लूट, पंडित हे पण तसेच. माझ्या पोराला मी हे सांगितल्यापासून तो डिक्शनरीत शब्द कुठून आला ते आधी बघतो मग अर्थ.

गोदाकाठ_२२

सगळ्यांचे मनापासून आभार, दहा-बारा दिवस करून बघितलं म्हणून आज लिहितेय. जुन्या १४०० मधले पहिले शंभर परत तपासले, उजवीकडं नुसतं थोडा, खूप, चांगला, वाईट असं लिहिलेले ४१ निघाले. ते खोडून आईला फोन करून विचारत बसले, म्हणजे सिच्युएशन सांगायची आणि याला तू काय म्हणतेस विचारायचं. रिलक्टंटला आई म्हणाली आढेवेढे घेणारा. फिकलला म्हणाली धरसोडीचा. ऑब्स्टिनेटला हेकट. एकही गाइडमध्ये नव्हता. आईचं शिक्षण चौथी झालंय, तिला पण मजा यायलीय, आता रोज संध्याकाळी तीच विचारते आज कोणते शब्द आहेत.

खोका पण केलाय, सध्या पहिल्या कप्प्यात ५८ आणि दुसऱ्यात २३ आहेत. एक विचारायचं राहिलं, उच्चार. रजिस्टरमध्ये मी स्पेलिंगवरून जसं वाटलं तसं मराठीत लिहिलंय, ते चालेल का?

बँकेतली_ताई_बीड

लेखी परीक्षेला फरक पडत नाही पण पुढं बोलायला लागशील तेव्हा अडतं, आणि एकदा बसलेला उच्चार निघत नाही. मी कित्येक वर्षं एपिटोम म्हणायचे, ते इपिटमी आहे. हायपरबोल नाही, हायपर्बली. डेब्रिस नाही, डेब्री. सटलमध्ये बी ऐकूच येत नाही. ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह असतं ते दाबून दोनदा ऐक आणि मगच तुकड्यावर लिही, तेवढ्या वेळात स्पेलिंग पण डोळ्याखालून जातं.

गोदाकाठ_२२

हे बरं झालं आत्ताच कळलं, इपिटमी मी पण चुकीचाच लिहिलाय. गुरुजी, मीगरचं वाक्य केलंय, बघता का? 'माय फादर रिसीव्ह्ड अ मीगर अमाउंट आफ्टर द क्रॉप लॉस.'

निवृत्त_गुरुजी_परभणी

बरोबर आहे बेटा. मीगरच्या आधी 'अ' लावलास ते पण बरोबर. आता याच वाक्याच्या खाली कॉम्पेन्सेशन घेऊन दुसरं कर, आणि तुकड्याच्या मागं दोन्ही लिहून ठेव.